कऱ्हाड, कराड आणि यंत्राची रुजुवात

कृष्णा आणि कोयना यांच्या प्रीतिसंगमावर वसलेल्या नगराचे नाव कराड असे लिहावे की कऱ्हाड, हा प्रश्न सातारा जिल्ह्यातील सामान्य माणसाला क्वचितच पडतो. वृत्तपत्रांतून दोन्ही रूपे छापून येतात, दुकानांच्या पाट्यांवर ती सुखाने नांदतात, आणि पाकिटावर कोणतेही रूप असले तरी टपालवाला ते पाकीट त्याच गावी पोहोचवितो. वाचणाऱ्याला गाव ठाऊक असते, म्हणून अक्षरांतील अंतर तो नकळत भरून काढतो. संगणकाला गाव ठाऊक नसते, त्याला केवळ चिन्हे ठाऊक असतात. आणि ज्या काळात जमिनीचा उतारा, बँकेचे खाते, पीकविम्याचा अर्ज आणि शिष्यवृत्तीची यादी यांची परस्परांशी गाठ संगणकच घालून देतो, त्या काळात दोन नावे सारखी आहेत की नाहीत याचा निवाडा तो कसा करतो, हे जाणून घेणे केवळ संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याचे काम राहत नाही.

संगणकाच्या परिभाषेत कोणत्याही मजकुराला ‘स्ट्रिंग’ म्हणतात. नाव असो, पत्ता असो की अख्खा अर्ज असो, यंत्राच्या दृष्टीने ती एकामागून एक ओवलेल्या चिन्हांची माळ असते, आणि प्रत्येक चिन्हाला एक अंक नेमून दिलेला असतो. जगातील बहुतेक लिप्यांना असे अंक देणाऱ्या ‘युनिकोड’ या मानकाची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली व तीत देवनागरीचा समावेश होता. या मानकात ‘क’चा अंक २३२५ आहे, ‘र’चा २३५२ आहे, आणि ‘ऱ्हास’, ‘वऱ्हाड’, ‘कऱ्हाड’ अशा शब्दांतील ‘ऱ’ला २३५३ हा वेगळा अंक दिलेला आहे. दोन स्ट्रिंगांची तुलना करायची म्हणजे दोन्हींतील अंक क्रमाने समोरासमोर ठेवायचे. एकही अंक चुकला की दोन्ही मजकूर भिन्न, असा या तुलनेचा निष्ठुर नियम आहे. कराड आणि कऱ्हाड या नियमाने भिन्न ठरतात, आणि त्याबद्दल यंत्राला दोष देता येत नाही, कारण ती डोळ्यांनाही भिन्नच दिसतात.

खरी गंमत याच्या पुढे आहे. ‘कऱ्हाड’ हे एकच रूप, डोळ्यांना रेसभरही फरक दिसू न देता, तीन निरनिराळ्या रीतींनी लिहिता येते. पहिल्या रीतीत ‘ऱ’, हलन्ताचे चिन्ह आणि ‘ह’ अशी मांडणी असते. दुसरीत ‘ऱ’ऐवजी साधा ‘र’ आणि त्याच्या पायाशी नुक्ता, म्हणजे उर्दू शब्दांसाठी आपण वापरतो ते टिंब, असा जोड असतो. तिसरी रीत जुन्या आवृत्त्यांपासून चालत आलेली असून तीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य सांधा येतो. ८२०५ या अंकाचे हे चिन्ह कागदावर उमटत नाही, फक्त ‘र’ला रफार होण्यापासून अडवून त्याला ऱ्हस्व चंद्रकोरीसारखा आकार देते. पहिल्या रीतीने लिहिलेल्या गावात सहा चिन्हे भरतात, दुसरीने व तिसरीने सात. साठवणुकीच्या प्रचलित पद्धतीत यांपैकी प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते. म्हणजे एक कऱ्हाड अठरा बाइटांचे आणि दुसरे एकवीस बाइटांचे. एखाद्या नोंदवहीत गावाच्या नावासाठी वीस बाइटांचाच रकाना ठेवला असेल, तर एक कऱ्हाड त्यात सुखाने मावेल आणि दुसऱ्याचा ‘ड’ छाटला जाईल, आणि हे का घडले हे पडद्याकडे कितीही टक लावून पाहिले तरी कळणार नाही.

युनिकोडने यावर उपाय योजलेला आहे. त्याला प्रमाणीकरण म्हणता येईल. तुलनेपूर्वी दोन्ही मजकूर एका ठरावीक साच्यात आणले की पहिली व दुसरी रीत एकरूप होतात. तिसरी मात्र अदृश्य सांध्यासह तशीच बाहेर उभी राहते, कारण मानकाने तिला समतुल्य मानलेलेच नाही. वकिलांच्या पाट्यांवरील ‘ॲड.’ची कथाही याच जातीची. पूर्ण ‘ॲ’ला स्वतंत्र अंक २००८ साली, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत मिळाला. त्यापूर्वी ‘अ’ला चंद्र जोडून ते अक्षर साधावे लागे, आणि आजही कित्येकांच्या कळफलकातून ते तसेच बाहेर पडते. दोन्ही दिसतात सारखी, प्रमाणीकरणानेही दोन्ही एक होत नाहीत. विसर्गाच्या जागी अपूर्णविरामाची दोन टिंबे ठेवून ‘स्वत:’ लिहिणारे तर इतके आहेत की विसर्ग हे वेगळे चिन्ह आहे, याचाच महाराष्ट्राला विसर पडला असावा अशी शंका येते.

आता या साऱ्याची तपासणी कोणी आणि कशी करायची? संगणकाची कोणतीही प्रणाली लोकांच्या हाती देण्यापूर्वी ती तपासणारा एक वर्ग असतो. त्याला ‘टेस्टर’ म्हणतात, आणि त्याच्या हाताशी जी तपासणीची यादी असते तिला सारेजण ‘चेकलिस्ट’ म्हणतात. मजकुरासंबंधीच्या चेकलिस्टमध्ये काही कलमे जगभर ठरलेली आहेत : रकाना रिकामा ठेवून पाहावा, केवळ मोकळ्या जागा भरून पाहावे, मर्यादेइतकी अक्षरे घालावी, मग एक अधिक घालावी, नावाच्या आगेमागे पडलेली मोकळी जागा काढली जाते की नाही ते पाहावे, लहान-मोठ्या लिपीचा भेद तुलनेत धरला जातो की सोडला जातो याची खातरजमा करावी. यांतील शेवटचे कलम इंग्रजीसाठी मोलाचे असले तरी देवनागरीत लहान-मोठी लिपीच नसल्यामुळे आपल्याकडे ते निकामी ठरते, आणि आपल्याला जी कलमे हवीत ती त्या यादीत नसतात. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातून किंवा कऱ्हाडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकलेली कितीतरी मुले-मुली पुण्यात हेच काम करतात. परंतु चाचणीसाठी रकान्यात घालायचे नमुना नाव त्यांच्याही यादीत बहुधा ‘जॉन स्मिथ’ हेच असते. जॉन स्मिथला काना नाही, मात्रा नाही, अनुस्वार नाही. त्याच्यावर उत्तीर्ण झालेल्या प्रणालीची परीक्षा अद्याप व्हायचीच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सातारा आणि सांगली ही दोन नावे घेतली तरी या परीक्षेची सुरुवात करता येते. मजकुराची लांबी सांगणाऱ्या फलनाला, म्हणजे ठरावीक काम करून देणाऱ्या तयार आज्ञेला, ‘सातारा’ दिले तर ते सहा असे उत्तर देते, आणि ‘सांगली’ दिले तरी सहाच; आपण मोजतो ती अक्षरे दोन्हींत तीन तीन. यंत्र प्रत्येक काना, वेलांटी आणि अनुस्वार स्वतंत्र धरते, म्हणून हा फरक पडतो. मजकुराच्या डाव्या बाजूने ठरावीक चिन्हे कापून देणारे फलन असते. त्याला साताऱ्याची पहिली तीन चिन्हे मागितली तर ‘सात’ हाती येते, आणि सांगलीची पहिली चार मागितली तर ‘सांग’. दोन्ही शब्द अर्थपूर्ण असल्यामुळे चूक लक्षातही येत नाही. मजकूर उलटा करणारे फलन सांगलीवर चालविले तर पहिल्याच जागी अधांतरी वेलांटी येऊन उभी राहते. अक्षरे न फोडता उलट केले असते तर ‘लीगसां’ आले असते, जे निरर्थक असले तरी निदान उच्चारता येते. भ्रमणध्वनीच्या एका लघुसंदेशात इंग्रजीची १६० चिन्हे मावतात, देवनागरीची अवघी ७०. ऊस उत्पादकाला पाठवायच्या संदेशाचा मसुदा इंग्रजीत तपासून मराठीत पाठविला, तर त्याचे दोन तुकडे होतात.

‘समाविष्ट आहे का’ हे विचारणारे फलनही असेच फसवे. वाई हे कृष्णाकाठचे प्राचीन क्षेत्र. परंतु ज्या पत्त्यात ‘वाई’ आहे ते सारे पत्ते दे, असे यंत्राला सांगितले तर ‘सवाई’ आणि ‘हवाई’ हेही पुढे येतात. इंग्लंडातील स्कंथॉर्प या गावच्या रहिवाशांना १९९६ साली एका इंटरनेट कंपनीच्या सेवेत खाते उघडणे अशक्य झाले होते, कारण त्या गावाच्या इंग्रजी नावाच्या पोटात एक अशिष्ट शब्द दडलेला आहे व कंपनीचे गाळणी लावणारे फलन तेवढाच पाहत होते. शब्दाचा आरंभ व शेवट कोठे होतो हे विचारात न घेता केलेल्या शोधाचे हे फळ.

दोन मजकुरांची अशी तुलना आपल्याला नवी नाही. मूळ कागद आणि त्याची नक्कल समोरासमोर धरून एकाने वाचायचे व दुसऱ्याने बोट ठेवून पाहायचे, या पद्धतीला जुन्या दफ्तरात रुजुवात घालणे म्हणत, आणि रुजू झाल्याची खूण केल्याशिवाय नकलेला किंमत नसे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेऊन १९६६ साली पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ही या विद्येची परमावधी होय. साडेबाराशेच्या आसपास हस्तलिखिते तीत विचारात घेतली गेली आणि विष्णु सीताराम सुखटणकरांसारख्या विद्वानाने आयुष्याची अखेरची वर्षे त्या कामाला वाहिली. लेखकूची सवय कोणती आणि खरा पाठभेद कोणता, हे तेथे पदोपदी ठरवावे लागे. हा विवेक मनुष्याने आधी करायचा असतो आणि यंत्राला नियम म्हणून नंतर सांगायचा असतो. संगणकाच्या तपासणीत हा क्रम उलटतो, म्हणजे यंत्राने जे भिन्न म्हटले ते भिन्न असे आपण मुकाट्याने मान्य करतो, तेथेच बहुतेक घोटाळ्यांचे मूळ आहे.

सातबाऱ्याचे संगणकीकरण हे या विवेकाच्या कसोटीचे आपल्या डोळ्यांदेखत घडलेले उदाहरण. हस्तलिखित उतारा आणि संगणकातील उतारा तंतोतंत जुळावा म्हणून महसूल खात्याने मोठी खटपट केली. २०१७ साली राज्यभर चावडीवाचनाची मोहीम काढून संगणकातील नोंदी गावकऱ्यांना वाचून दाखविण्यात आल्या. ज्याची जमीन त्यानेच आपले नाव कानाने ऐकायचे आणि चुकले असेल तर तेथेच हरकत घ्यायची, ही पद्धत मला कोणत्याही फलनापेक्षा अधिक शहाणपणाची वाटते. तरीही जे राहून जाते त्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५५ मध्ये लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तजवीज आहे, आणि तहसील कचेरीत या कलमाखालचे अर्ज वर्षानुवर्षे येतच असतात.

येथे लेखनप्रमाद म्हणजे केवळ तलाठ्याच्या हातून झालेली चूक असे समजणे अन्यायाचे होईल. जुने कागद मोडीत, आणि मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळला जात नसे. म्हणून तेथून बाळबोधीत आलेला ‘पाटिल’ आणि ‘पाटील’ हे दोघे एकाच बापाचे मुलगे असू शकतात. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने स्वीकारले आणि अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले. परंतु कोरेगांव, तासगांव, कडेगांव यांच्या माथ्यावरील टिंबे जुन्या कागदांवर, आणि पुष्कळदा नव्या पाट्यांवरही, राहून गेली. जावळी तालुका कोणी जावली लिहितो, आणि इंग्रजी कागदांत त्याचे ‘जाओली’ होते. कवठे महांकाळ कोणी दोन शब्दांत लिहितो, कोणी एका शब्दात. दत्तात्रयाचा दत्तात्रेय, रामचंद्राचा परसवर्ण घेतलेला रामचन्द्र, आधी आडनाव की आधी नाव, नावापुढे ‘राव’ आहे की नाही, या साऱ्यांचा गुणाकार केला म्हणजे एका खातेदाराची किती रूपे होतील याची कल्पना येते. शेतकऱ्यांना थेट पैसे देणाऱ्या पीएम-किसान योजनेत आधारपत्रावरील नावाप्रमाणे नोंदणीतील नाव दुरुस्त करण्याची स्वतंत्र सोय ठेवावी लागली, ती या कारणामुळे.

यावर कोणी म्हणेल की यंत्राला थोडे उदार करावे, अक्षरशः सारखे नसले तरी जवळचे असेल ते सारखे मानावे. अशी साधने आहेत. रशियन गणिती व्लादिमिर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ साली दोन स्ट्रिंगांतील अंतर मोजण्याची रीत सांगितली : एका मजकुराचा दुसरा करण्यासाठी कमीत कमी किती चिन्हे घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात, तेवढे त्यांच्यातील अंतर. जावळी आणि जावली यांच्यात अंतर एक, आणि येथवर रीत उत्तम चालते. आता कराड आणि कऱ्हाड घ्या. वर सांगितलेल्या तीन रीतींपैकी कोणत्याही रीतीने कऱ्हाड लिहिले तरी अंतर भरते तीन. आणि त्याच सातारा जिल्ह्यातील पाटण व फलटण हे दोन तालुके घ्या, एक सह्याद्रीच्या कुशीतील अतिपावसाचा आणि दुसरा पूर्वेच्या कोरड्या पट्ट्यातील. त्यांच्यात अंतर भरते केवळ दोन. म्हणजे तीनपर्यंतचे अंतर माफ करावे असा नियम केला तर कराडची दोन रूपे एक होतील खरी, पण त्याबरोबर फलटणचा खातेदार पाटणला जाऊन बसेल; आणि दोनच माफ करावे म्हटले तर पाटण-फलटण एक होऊन कराड मात्र दुभंगलेलेच राहील. मला या विषयात इतके बोलके उदाहरण दुसरे आढळलेले नाही, आणि प्रत्येक मराठी चेकलिस्टच्या पहिल्या पानावर ते असावे असे वाटते.

उच्चारावरून जुळणी करणारी ‘साउंडेक्स’ नावाची रीत अमेरिकेत १९१८ साली पेटंट झालेली आहे. ती इंग्रजी लिपीतील नावाचे पहिले अक्षर ठेवते, स्वर गाळते आणि उरलेल्या व्यंजनांना गटवार अंक देते. पवार आणि पोवार यांना ती एकत्र आणते, जे सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला पसंत पडावे. पण त्याच न्यायाने पाटील आणि पटेल यांनाही ती एकाच कप्प्यात बसविते.

अनुक्रम लावण्याचा प्रश्न तुलनेपासूनच जन्मतो, कारण कोणते आधी व कोणते नंतर हेही यंत्र अंक पाहूनच ठरविते. मराठी वर्णमालेत ‘ळ’ची जागा ‘ह’नंतर, युनिकोडमध्ये मात्र ‘ळ’चा अंक २३५५, म्हणजे ‘ल’च्या लगेच पुढे आणि ‘व’च्या आधी. मराठी विश्वकोशाचे काम ज्या वाईत चालले, तेथील संपादकांना तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहस्रावधी नोंदी अकारविल्ह्याने लावाव्या लागल्या. ते काम त्या काळी हातांनी झाले. आज कोणी तशीच यादी संगणकाकडून, मराठीचा क्रम न सांगता, लावून घेतली तर ‘माळ’ हा शब्द ‘मावळ’च्या आधी येऊन बसेल. आकड्यांची तऱ्हा आणखी निराळी : गट क्रमांक मजकूर म्हणून लावले की एकानंतर दहा, मग शंभर आणि त्यानंतर दोन असा क्रम येतो. शिवाय देवनागरी ‘१२’ आणि इंग्रजी आकड्यांतील बारा हे मजकूर म्हणून भिन्नच; पायथॉन या भाषेला देवनागरी बारा दिले तर ती त्याची संख्या करून घेते, जावास्क्रिप्ट ‘ही संख्याच नव्हे’ असे उत्तर देते.

एक्सेलच्या पानावर गट क्रमांक पाच, हिस्सा दोन असे तिरपी रेघ देऊन इंग्रजी आकड्यांत टंकलिखित केले की ते पान त्याची तारीख करून टाकते, आणि मूळ हिस्सा परत मिळत नाही. यात लाजण्यासारखे काही नाही; मानवी जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने एक्सेलच्या याच खोडीला कंटाळून २०२० साली काही जनुकांची नावेच बदलली, कारण मार्च आणि सप्टेंबर यांच्याशी साम्य असणारी ती नावे सतत तारखा होऊन बसत. आपल्याला गटाचे क्रमांक बदलता येणार नाहीत, तेव्हा रकाना आधी ‘मजकूर’ म्हणून ठरविणे हाच मार्ग. त्याच एक्सेलमधील मोकळ्या जागा काढणारे ‘ट्रिम’ हे फलन साधी मोकळी जागा काढते, पण संकेतस्थळावरून नक्कल केलेल्या मजकुरात येणारी १६० अंकाची न तुटणारी जागा तशीच ठेवते. नाव जुळत नाही म्हणून डोके धरून बसलेल्या कारकुनाने हे एकदा तपासून पाहावे.

नावांच्या या अरण्यातून सुटण्यासाठी गावाला संकेतांक देण्याची रीत आली, आणि अलीकडच्या सातबाऱ्यावर गावाच्या नावासोबत असा संकेतांक छापला जातो. ती रीत योग्यच आहे. परंतु संकेतांक हा यंत्रांनी आपसात बोलण्यासाठी, आणि अर्ज भरणारा माणूस नावच लिहितो. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय विधिमंडळात जाहीर केला, तेव्हा तर लेखनप्रमादाचा प्रश्नच नव्हता : दोन्ही नावे अक्षरशः शुद्ध, दोन्ही एकाच गावाची, आणि कोणतेही फलन त्यांना एक ठरवू शकणार नाही. अशा ठिकाणी प्रत्येक गावासमोर पर्यायी नावांची एक यादी लागते, आणि त्या प्रत्येक नावापुढे ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कागदांत येईल याचे दोन रकाने लागतात. ही यादी पुण्यातील टेस्टरला घरबसल्या करता येण्यासारखी नाही. ती तहसील कचेरीतील जुन्या अव्वल कारकुनाला विचारून भरावी लागेल, आणि भरताना कराडच्या समोर निदान चार रूपे लिहावी लागतील, त्यांपैकी तीन दिसायला एकसारखी.